नळ, टाइल्स, शॉवरवरचे पांढरे डाग घासूनही परत येतात? आधी काय तपासायचं आणि घरगुती उपाय कुठपर्यंत चालतात

बोअर किंवा टँकरचं पाणी असलेल्या जवळपास प्रत्येक घरात ही तक्रार असते. रविवारी बाथरूम घासून लख्ख केलं तरी तीन-चार दिवसांत नळावर परत पांढरे ठिपके, काच परत धुरकट, बादलीला आतून परत तो खरखरीत थर. मग कोणी सांगतं ॲसिड मारा, कोणी सांगतं व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करून लावा, आणि घरात लहान मुलं असतील तर ॲसिडची बाटली आणायचीच भीती वाटते. मी आमच्याकडे, सासरी, बहिणीकडे, शेजारीपाजारी हे डाग बरीच वर्षं काढत आलेय, त्यामुळे कुठल्या क्रमाने गेलं की पैसे आणि मेहनत वाया जात नाही ते सगळं इथे लिहिते.

लक्षणं

नळाच्या तोंडाशी आणि खालच्या बाजूला पांढरा कडक थर. शॉवरची धार वाकडीतिकडी, काही भोकं बंदच. टाइल्स ओल्या असताना छान दिसतात, वाळल्या की त्यावर पांढुरकी झाक. स्टीलची भांडी धुऊन पालथी घातली की ठिपके. साबणाला फेस येत नाही आणि अंगावर चिकट राहतो, टॉवेल वाळून कडक होतात, डाळ शिजायला वेळ घेते, गिझरमधून पाणी तापताना कटकट आवाज. यातल्या तीन-चार गोष्टी तुमच्याकडे असतील तर पुढचं वाचा.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या की ही घाण नाहीये, म्हणून ती घासून जात नाही. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याने किंचित आंबट होतं आणि दगडातला कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून बरोबर घेऊन येतं. आपल्याकडे बराच भाग काळ्या बेसाल्टचा, बोअरचं पाणी त्या दगडाच्या भेगांमध्ये राहून राहून क्षार उचलतं, धरणाच्या पाण्याला तेवढा वेळ मिळत नाही. त्यामुळेच पुण्यात खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या घरात हा त्रास कमी आणि बाहेरच्या नवीन सोसायट्यांमध्ये, जिथे बोअर आणि उन्हाळ्यात टँकर, तिथे जास्त दिसतो. हे पाणी नळावर सुकलं की पाणी उडून जातं आणि मागे चुनखडी राहते. तारेच्या घासणीने ती थोडी निघते पण नळाच्या पॉलिशवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्या ओरखड्यांत अजून घट्ट बसतो. सौम्य आंबट पदार्थ लावला आणि थोडा वेळ दिला की ती विरघळते. सगळा खेळ त्या वेळ देण्याचा आहे.

पहिली तपासणी, फुकटची: डाग नक्की कुठे आहे ते बघा

पाणी उडतं, ओघळतं, साचतं त्या जागी डाग असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा. पण भिंतीवर, रंगाखाली, टाइल्सच्या सांध्यातून कापसासारखी भुसभुशीत पांढरी पावडर येत असेल, हाताला सहज झडत असेल, शेजारी रंगाचे पोपडे सुटले असतील, तर तो लोणा आहे. म्हणजे भिंतीच्या आत ओल आहे, ती ओल सिमेंट-विटांमधले क्षार घेऊन बाहेर येतेय. इथे कुठलाही क्लीनर, घरचा असो की विकतचा, उपयोगाचा नाही. पुसाल तेवढं परत येणार. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल दिसत असेल तर वाटच बघू नका, प्लंबर बोलवून पाइप गळतोय का ते बघून घ्या आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारा. हे आधी सांगतेय कारण लोणा घासत महिनोन्महिने घालवणारी घरं मी पाहिली आहेत आणि तोवर आतली ओल वाढत जाते.

दुसरी: एका थेंबाची परीक्षा

लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे दोन थेंब डागावर टाका आणि जवळून बघा. बारीक बारीक बुडबुडे आले तर चुनखडी, पुढचा उपाय लागू. बुडबुडे नाहीत आणि नखाने खरवडल्यावर मेणासारखं काहीतरी नखात येतंय तर तो साबणाचा थर. जड पाण्यातला, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यातला, कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा राप तयार करतो, आंघोळीच्या जागेच्या खालच्या दोन-तीन टाइल्सवर हाच असतो. आणि दोन्हीही नाही, काच धुतल्यावरही धुरकटच, बोटाला काही खरखर लागत नाही, तर काचेचा पृष्ठभागच खराब झालाय, तो घरी परत येत नाही.

ही परीक्षा संगमरवर, कोटा, शहाबाद, कडप्पा यावर करू नका. हे दगड स्वतःच चुन्याचे आहेत, त्यामुळे बुडबुडे येणारच आणि ते तुमच्या फरशीचे असणार. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तिथे जो पांढुरका गोल डाग दिसतो ना, तो डाग नसतो, तेवढा दगड खाल्लेला असतो. मोझॅकमध्येही संगमरवराचे तुकडे असतात त्यामुळे तिथेही तेच.

तिसरी: पाणी किती जड आहे, बाटलीत बघा

एका रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी, दुसऱ्या तशाच बाटलीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दोन्ही अर्धी भरा. आंघोळीचा साबण किसून थोड्या पाण्यात विरघळवा आणि दोन्हीत सारखेच थेंब टाकून झाकण लावून जोरात हलवा. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घेऊ नका, ते जड पाण्यातही फेस देतं. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात भरपूर फेस आणि नळाच्या पाण्यात दुधाळ पाणी आणि वर साय आल्यासारखा राप दिसला तर उत्तर मिळालं. टीडीएस मीटरवर पूर्ण विसंबू नका, तो सगळे क्षार मिळून आकडा देतो, त्यात मीठही आलं, जडपणा किती ते त्यातून नीट कळत नाही. नेमका आकडा हवा असेल तर पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये बाटलीभर पाणी देऊन रिपोर्टमध्ये टोटल हार्डनेस, म्हणजे एकूण जडपणा, बघा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. तुमचा आकडा ५००-६००च्या वर असेल तर नुसत्या साफसफाईने समाधान होणार नाही हे आत्ताच समजून घ्या.

आणि तुरटी फिरवून पाणी हलकं होत नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेला कॅल्शियम तिथेच राहतो.

चौथी: डाग परत आणणाऱ्या सवयी

क्लीनर बनवायच्या आधी हे बघा, कारण अर्धी कारणं इथेच सापडतात.

आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यानेच फरशी आणि बाथरूम पुसत असाल तर ते थांबवा. पाणी वाचवायचा हेतू अगदी योग्य आहे पण आरओने बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात, म्हणजे साध्या बोअरच्या पाण्यापेक्षाही ते जड. फरशीवर पांढरे फराटे येतात ते यामुळे. ते पाणी कमोडमध्ये ओता, गाडीची चाकं धुवा, पण जिथे वाळून दिसेल तिथे नको.

दुसरं, थेंब थेंब गळणारा नळ. तो थेंब दिवसभर त्याच जागी सुकतो. साध्या नळाचा वायसर काही रुपयांत येतो, तो बदलला की डागाचा उगमच बंद.

तिसरं, न पुसणं. शेवटची आंघोळ झाली की काचेवर आणि टाइल्सवर वायपर आणि नळावर सुती फडकं, एवढंच. जुन्या पंचाचा किंवा धोतराचा तुकडा यासाठी सगळ्यात छान, तंतू सोडत नाही. पाणी सुकायच्या आत पुसलं की क्षार फडक्यात जातात, नळावर राहत नाहीत. घरातल्या सगळ्यांना ही सवय लावणं कठीण आहे मला माहितीये, पण आमच्याकडे फडकं नळाच्या शेजारीच हुकाला टांगल्यापासून मुलंही पुसतात.

पाचवी: लिंबूसत्व

किराणा दुकानात सरबतासाठी, ढोकळ्यासाठी मिळतं ते लिंबूसत्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम, कोमट पाणी असेल तर लवकर विरघळतं. व्हिनेगरही चालतं, त्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं, पण बंद बाथरूममध्ये त्याचा वास डोक्यात जातो आणि लिंबूसत्व स्वस्त पडतं म्हणून मी तेच वापरते. ताजी लिंबं पिळायची गरज नाही, पिळलेल्या साली मात्र नळावर चोळायला चांगल्या.

नुसतं फवारून लगेच पुसलं तर काही होणार नाही. उभ्या जागेवरून ते ओघळून जातं. फडकं किंवा टिश्यू त्या पाण्यात भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटं राहू द्या, मग मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. जुना थर एकदा नाही निघाला तर तेच परत करा, पण तासन्तास गुंडाळून ठेवू नका, क्रोमच्या पॉलिशलाही मर्यादा असते. सोनेरी किंवा काळ्या मॅट फिनिशचे नळ असतील तर मागच्या बाजूला आधी करून बघा. जीआयच्या म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादलीला आणि ॲल्युमिनियमला लावू नका.

आता बेकिंग सोडा आणि व्हिनेगरबद्दल. दोन्ही एकत्र केलं की फसफसतं आणि वाटतं काम जोरात चाललंय, पण एक आंबट आणि एक अल्कधर्मी, दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात खारट पाणी उरतं, त्याने चुनखडी निघत नाही. वेगवेगळे वापरा. बेकिंग सोडा ओट्याच्या तेलकटपणाला, सिंकच्या वासाला चांगला.

साबणाचा राप असेल तर क्रम उलटा. आधी अर्ध्या बादली गरम पाण्यात तीन-चार चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून टाइल्सवर लावा, दहा मिनिटांनी काथ्याने घासा, नीट धुवा. आंबट पाणी तेलकट थराच्या आत शिरत नाही, म्हणून आधी तो सैल करायचा. धुतल्यानंतरच लिंबूसत्व लावा, सोडा राहिला असेल तर तो ते मारून टाकतो. हा राप परत येऊ द्यायचा नसेल तर बाथरूम धुवायला साबणाऐवजी रिठ्याचं पाणी वापरून बघा. दहा-बारा रिठे रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करून गाळायचे, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. रिठा जड पाण्यात राप धरत नाही, हा त्याचा मोठा गुण. संगमरवर, कोटा, कडप्पा, देवघराची फरशी यांनाही हेच पाणी चालतं, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम बरेच जण बनवतात, गूळ १ भाग, साली ३ भाग, पाणी १०, तीन महिने. रोजच्या पुसण्याला मला ते आवडतं, वासही छान. पण जुना कडक थर त्याने निघेल ही अपेक्षा ठेवू नका, आणि आंबट असल्यामुळे संगमरवर-कडप्प्यावर तेही नको. बनवताना प्लॅस्टिकची बाटलीच घ्या आणि सुरुवातीचा महिनाभर झाकण रोज सैल करून गॅस सोडा, काचेची बाटली फुटू शकते.

इथे अजिबात तडजोड नको

लिंबूसत्व, व्हिनेगर, टॉयलेटचं ॲसिड, यातलं काहीही ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरबरोबर येऊ देऊ नका. एकाच दिवशी, एकाच जागी, एकामागून एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो छातीवर जातो. चुकून झालंच तर तिथे उभं राहून धूत बसू नका, बाहेर या, दार-खिडक्या उघडा, खोकला किंवा धाप थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठा. आणि घरचं, नैसर्गिक म्हणून पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, लहान मूल पिऊ शकतं. वेगळी बाटली, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, वरचा कप्पा.

सहावी: नळाची जाळी आणि शॉवर

नळाची धार बारीक झाली की लोक प्लंबरला फोन करतात, पण बहुतेक वेळा तोंडाची जाळी तुंबलेली असते, प्लंबर तिला एअरेटर म्हणतात. सिंकच्या भोकावर फडकं ठेवा म्हणजे सुटे भाग वाहून जाणार नाहीत. जाळी हाताने फिरवून बघा, नाही फिरली तर त्यावर कापड गुंडाळून पकडीने हलकेच. आत पांढरे खडे, टाकीतली वाळू, काळा चुरा असं सगळं सापडेल. भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओट्यावर मांडून ठेवा किंवा फोटो काढा. रबरी वायसर बाजूला काढून जाळी लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, टूथब्रशने घासा. परत लावायच्या आधी नळ क्षणभर सोडून आतला कचरा वाहू द्या.

शॉवरसाठी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी उत्तम. ती धुऊन त्यात लिंबूसत्वाचं कोमट पाणी भरायचं, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी वर सरकवायची आणि वरून रबरबँड घट्ट. मोठा शॉवर असेल तर मोठी पिशवी. वीसेक मिनिटांनी काढा, रबरी टोकं असतील तर अंगठ्याने दाबत फिरवा, आतले खडे टपटप बाहेर येतात. राहिलेल्या भोकांना सेफ्टी पिन. मग गरम पाणी जोरात सोडा, पहिलं पाणी अंगावर घेऊ नका.

सगळं करूनही धार बारीकच असेल तर घरातले बाकीचे नळ बघा. एकच नळ बारीक असेल तर त्याचा अँगल कॉक (नळाच्या लाइनवरचा छोटा व्हॉल्व्ह) किंवा आतला स्पिंडल (नळ उघडबंद करणारा भाग) बघा, भिंतीतल्या डायव्हर्टरचं (नळ-शॉवरमध्ये पाणी वळवणारा भाग) काम असेल तर प्लंबरच. घरभर बारीक असेल तर पाइप किंवा टाकीचा विषय, तिथे आपण हात घालायचा नाही.

सातवी: टॉयलेट आणि टाइल्सचे सांधे

कमोडच्या आतल्या रेषेवर पाणी असतानाच काही टाकलं तर ते पातळ होऊन जातं. ब्रशने पाणी आत ढकलून पातळी खाली आणा, मग लिंबूसत्वाची पावडर थेट ओल्या रेषेवर भुरभुरा आणि रात्रभर राहू द्या, सकाळी ब्रश. जाड थर असेल तर दोन-तीन रात्री.

टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट असतं आणि आंबट पदार्थ तेही खातो. म्हणून सांधे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते आंबट पाणी शोषत नाहीत, आणि पाच मिनिटांच्या आत धुऊन टाका. जोरकस ॲसिड दर महिन्याला मारलेल्या बाथरूममध्ये सांधे पोकळ झालेले असतात, त्यातून पाणी खाली उतरतं आणि मग वर सांगितलेला लोणा सुरू होतो. सांधा बोटाने भुगा होऊन येत असेल तर साफसफाई थांबवा, ग्राउट, म्हणजे सांध्यातला भराव, परत भरून घ्या.

गिझर: इथे थांबा

पाणी तापायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय, आतून कटकट किंवा खळखळ आवाज येतोय, गरम पाण्याबरोबर पांढरे कण येतायत, म्हणजे आत कॉइलवर थर बसलाय. गिझरमध्ये लिंबूसत्व ओतायचे व्हिडिओ बघून स्वतः उघडू नका. आत वीज आहे, दाब आहे, आणि टाकी गंजू नये म्हणून बसवलेला ॲनोड रॉड संपला असेल तर तोही त्याच वेळी बदलावा लागतो. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा, जड पाणी असेल तर वर्षातून एकदा तरी. तोपर्यंत तापमान शेवटच्या आकड्यावर ठेवू नका, पाणी जितकं जास्त तापतं तितका थर लवकर बसतो.

नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन बोर्डावरून गिझरचा एमसीबी, म्हणजे त्याचा वेगळा स्विच, बंद करा, तो गिझर वापरायचाच नाही आणि इलेक्ट्रिशियन आल्याशिवाय परत चालू करायचा नाही. कॉइल फुटून पाण्यात करंट उतरलेला असू शकतो.

पाणीच बदलायचं असेल तर

लॅबचा आकडा फार जास्त आला तर सॉफ्टनर हा खरा उपाय. त्यातल्या रेझिनमधून, म्हणजे बारीक प्लॅस्टिकसारख्या दाण्यांमधून, पाणी जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम अडकतात आणि त्याऐवजी सोडियम पाण्यात येतो, मग मिठाच्या पाण्याने रेझिन परत ताजं करावं लागतं. ते मीठ भरायचं काम कोण करणार हे घेण्याआधीच ठरवा, कारण मीठ संपलं की मशिन नुसती टाकी होऊन बसते. बीपीमुळे मीठ कमी खायला सांगितलेलं कोणी घरात असेल तर पिण्याची, स्वयंपाकाची लाइन त्याच्याआधीच वेगळी घ्या आणि डॉक्टरांशी बोला. पाइपवर बाहेरून चिकटवायचे चुंबकवाले पट्टे मी कोणाला सुचवत नाही, त्याने पाण्यातला कॅल्शियम कमी होत नाही.

सोसायटीत राहत असाल तर प्रत्येक फ्लॅटला वेगळं मशिन घेण्याआधी कमिटीला बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे वेगवेगळे रिपोर्ट मागा. बऱ्याचदा एकच स्रोत खराब असतो, आणि टाकीच्या आधी एक मोठा सॉफ्टनर बसवणं सगळ्यांना मिळून स्वस्त पडतं. बसवून घेताना वर्षाच्या मेंटेनन्सचा करार लेखी घ्या, आणि बसवल्यावर महिन्याभराने तीच साबणाची बाटली परत हलवून बघा.